सील फाडण्याआधी, ‘प्ले’ दाबण्याआधी

गेम घेतला आणि आवडला नाही, लॅपटॉपला झेपला नाही, किंवा चारच दिवसांत सेलमध्ये निम्म्या किमतीला दिसला, की मनात पहिला प्रश्न येतो: पैसे परत मिळतील का? त्याचे उत्तर बहुतेक वेळा पैसे देण्याआधीच ठरून गेलेले असते. दुकानातून आणलेल्या गेमचे भवितव्य खोक्यावरच्या सीलवर ठरते, ऑनलाइन घेतलेल्याचे घड्याळावर. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की फटका बसतो. नवा मोठा गेम आज चार-पाच हजारांच्या घरात जातो, म्हणून दोन्हीकडचे नियम आधी माहीत असलेले बरे.

आधी दुकान. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एके काळी पीसी गेमच्या सीडींच्या थप्प्या असत. अस्सल किती आणि नक्कल किती हा वेगळा विषय. आता ते चित्र पालटले आहे. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. पीसी गेमचे खोके कुठे मिळालेच, तर आत बहुतेक वेळा कोड छापलेला एक कागद निघतो. तो स्टीमसारख्या ऑनलाइन स्टोअरच्या खात्यात घालायचा आणि गेम डाउनलोड करायचा. याची सुरुवात जुनी आहे. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ डिस्कवर विकत घेणाऱ्यांनाही स्टीमचे खाते काढावेच लागले होते.

अशा खोक्यात दोन्हीकडचे तोटे एकत्र येतात. कोड एकदा उघडा झाला की तो वापरलाय की नाही हे दुकानदाराला तपासता येत नाही, म्हणून तो परत घेणार नाही, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही. स्टीमकडे जावे तर ते सांगतात की खरेदी आमच्याकडे झालेली नाही, जिथे पैसे दिले तिथे जा. खोके बऱ्यापैकी स्वस्त मिळत असेल किंवा कपाटात मांडण्यासाठी संग्राहक आवृत्ती हवी असेल, तरच पीसी गेम दुकानातून घ्यावा असे माझे मत आहे.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या डिस्कची गोष्ट निराळी. तिथे दुकानाला अजून अर्थ आहे. पण ‘आवडला नाही’ म्हणून पैसे परत मागण्याचा हक्क आपल्याकडचा कायदा देत नाही. तो फक्त दुकानदाराचा चांगुलपणा. कायदा मदतीला येतो तो सदोष मालासाठी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यायला हवेत. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्ल्यामागे कितीही ठळक लावली, तरी डिस्क कन्सोलवर वाचलीच जात नसेल तर ती पाटी दुकानदाराला वाचवू शकत नाही. बिल न देणे हीसुद्धा याच कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. ‘बिलाशिवाय दोनशे कमी करतो’ असे कोणी म्हणाले, तर ते दोनशे रुपये म्हणजे तुमच्या हक्कांची किंमत हे ध्यानात घ्या.

व्यवहारात सोपे ते करावे. पैसे देण्याआधी विचारा, ‘सील न फोडता आणला तर बदलून द्याल का? किती दिवसांत?’ ‘हो’ म्हणाले तर तेवढे बिलावर लिहून घ्या. ओळखीचा दुकानदार हे आनंदाने करतो. वाढदिवसाची भेट घेताना तर हे विचाराच, कारण भाच्याकडे तोच गेम आधीच असण्याची शक्यता बरीच असते. घरी आल्यावर सील फोडायच्या आधी खोक्यावर दोन गोष्टी वाचा. एक, गेम नेमका कुठल्या कन्सोलचा आहे. पीएस५ची डिस्क पीएस४वर चालत नाही. दुसरी, इंटरनेट लागते का आणि किती जागा लागते. घरातला पीएस५ डिजिटल एडिशन असेल तर त्याला डिस्क ड्राइव्हच नाही, हे मामा-मावशींना बऱ्याचदा ठाऊक नसते. निन्टेन्डो स्विच २च्या काही खोक्यांत तर नुसते ‘गेम-की कार्ड’ असते. त्यात गेम नाही, गेम डाउनलोड करण्याची परवानगी आहे, आणि तशी सूचना खोक्याच्या दर्शनी बाजूला छापलेली असते.

डिस्क ऑनलाइन बाजारपेठेतून मागवली, तर ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ यांतला फरक उत्पादनाच्या पानावर आधी पाहून घ्या. गेमच्या बाबतीत पुष्कळदा फक्त बदली मिळते, तीही त्याच गेमची. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करण्याची सवय काहींना अती वाटते. पण रिकामे खोके किंवा भलतीच डिस्क निघाली, तर त्या चित्रीकरणाइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो.

डिस्कचा खरा रिफंड मात्र दुकानाच्या बिलात नाही, सेकंडहँड बाजारात आहे. कथा असलेला गेम दोन-तीन आठवड्यांत संपतो. तो संपवून लगेच विकला, तर किमतीचा चांगला भाग परत येतो. वर्षभर कपाटात ठेवून विकला तर फारसे हाती लागत नाही. नवा गेम पहिल्या महिन्यातच विकणाऱ्याला चांगला भाव मिळतो. ही सोय डाउनलोड केलेल्या गेमला नाही. तो तुमच्या खात्याला बांधलेला असतो, विकता येत नाही, मित्राला कायमचा देऊन टाकता येत नाही. म्हणून कन्सोलवर एकदाच खेळून संपणारे महागडे गेम डिस्कवर, आणि वर्षानुवर्षे रोज थोडे थोडे खेळायचे ते डाउनलोडवर, अशी वाटणी केली तर हिशेब जमतो.

सेकंडहँड घेताना डिस्कची चमकती बाजू उजेडाकडे तिरकी धरून पाहा. कन्सोलच्या डिस्क ब्लू-रे जातीच्या. वरचा थर टणक असतो, त्यामुळे बारीक रेघा चालतात. पण माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ असल्याने खोल ओरखडा घातक ठरतो. शक्य असेल तर दुकानातल्याच कन्सोलवर घालून पाहा. खोक्यात जादा सामग्रीचे कोड आहेत असे छापलेले असले, तरी ते पहिल्या मालकाने वापरलेले असणार असेच धरून चाला. आणखी एक खाच आहे. दुबई किंवा लंडनहून नातेवाइकाने आणलेली डिस्क आपल्याकडच्या पीएस५वर मजेत चालते, पण त्या गेमची पुढची जादा सामग्री, म्हणजे डीएलसी, डिस्कच्या प्रदेशाशी जुळावी लागते. भारतीय खात्यावरून घेतलेली डीएलसी परदेशी डिस्कला लागलीच नाही, तर पैसे अडकतात. असा गेम घ्यायचा तर मूळ गेमपुरताच घ्यावा.

आता डाउनलोड. इथे सर्वांत मोठे नाव स्टीमचे, आणि त्याचा रिफंडचा नियम आज निम्म्या गेमिंग जगाने उचललेला आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर कारण काहीही असो, पैसे परत. हा नियम आला जून २०१५मध्ये. त्याआधी स्टीम सहसा रिफंड देतच नसे. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने २०१४ साली स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला न्यायालयात खेचले होते. सदोष मालावर पैसे परत मिळण्याचा हक्क करारात ‘रिफंड नाही’ असे लिहून काढून घेता येत नाही, असे आयोगाचे म्हणणे. २०१६ साली तिथल्या फेडरल न्यायालयाने ते मान्य केले आणि ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. मोठ्या कंपनीच्या अटी काळ्या दगडावरची रेघ नसतात, एवढे त्यातून घ्यावे.

नियम सोपा दिसतो. गोची २ तासांत आहे. डाउनलोडला लागलेला वेळ त्यात धरत नाहीत, पण गेम सुरू असलेले प्रत्येक मिनिट मोजले जाते. मेनूवर सोडून तुम्ही जेवायला गेलात तरी मीटर चालूच. काही नवे गेम पहिल्यांदा उघडल्यावर ग्राफिक्सची तयारी करायला बराच वेळ घेतात, तोही यातच धरला जातो. काही मोठ्या गेमना सुरुवातीला तासभर नुसते चित्रपटासारखे प्रसंग आणि शिकवणी असते, खरा खेळ पुढेच. म्हणून ते २ तास कसे वापरायचे ते आधी ठरवा. रात्री दमून आल्यावर पहिल्यांदा उघडू नका. आधी सेटिंगमध्ये जा, तुमच्या मशीनला साजेशी चित्रगुणवत्ता निवडा, बेंचमार्कची सोय असेल तर एकदा चालवून पाहा. मग थेट जिथे गर्दी, पाऊस, धूर, लढाई असेल अशा जागी पोहोचा, कारण अडखळायचे असेल तर गेम तिथेच अडखळतो. दीड तासाला थांबून निर्णय घ्या. ‘अजून थोडे बघू’ म्हणत अडीच तास झाले की हक्क संपला.

त्याहून चांगले म्हणजे ही वेळच येऊ न देणे. गेमच्या पानाच्या तळाशी किमान आणि शिफारस केलेली यंत्रणा दिलेली असते. कॉलेजच्या कामासाठी घेतलेल्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर किमानची ओळ वाचूनच पुष्कळ प्रश्न मिटतात. डेमो असेल तर तो फुकट असतो आणि त्याचा वेळ या २ तासांत जात नाही. खरेदीदारांची मते वाचताना एकूण टक्केवारीपेक्षा अलीकडच्या महिन्याची मते पाहा. एखाद्या अपडेटने गेम सुधारतो, तसा बिघडतोही.

स्टीमच्या नियमांत एक आडबाजूची सवलत आहे. गेम घेतला आणि लगेच सेल लागला, तर जुना परत करून सेलच्या भावाने पुन्हा घेता येतो. हा गैरवापर धरला जात नाही असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अट तीच, १४ दिवस आणि २ तास. दिवाळी-नाताळच्या सुमारास मोठी खरेदी करणाऱ्यांनी हे विसरू नये. मात्र दर आठवड्याला चार गेम घेऊन चाखून परत करणाऱ्याची ही सोय कंपनी बंद करू शकते, तेही नियमातच आहे.

बाकीचे तपशील थोडक्यात. एकत्र घेतलेल्या संचातल्या सगळ्या गेमचा मिळून वेळ २ तासांच्या आत हवा. डीएलसी घेतल्यापासून मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि ती वापरून संपलेली नसेल, तर साधारणपणे ती परत होते. आगाऊ नोंदणी गेम बाजारात येईपर्यंत कधीही रद्द करता येते. जादा पैसे भरून तीन दिवस आधी खेळायला मिळणाऱ्या महागड्या आवृत्तीत मात्र ते आधीचे खेळणेही २०२४पासून मोजले जाते. भेट म्हणून दिलेला गेम ज्याला मिळाला त्याने उघडला असेल, तर रिफंडची विनंती त्याने करायची, पैसे मात्र देणाऱ्याकडे जातात. फसवेगिरीमुळे गेममधून हाकलले गेलेल्याला त्या गेमचा रिफंड नाही.

पैसे परत घेताना स्टीम विचारते, मूळ मार्गाने हवेत की स्टीम वॉलेटमध्ये. वॉलेट झटपट वाटते, पण तिथे गेलेला पैसा पुन्हा बाहेर निघत नाही. लगेच दुसरा गेम घ्यायचा नसेल तर बँकेचाच पर्याय घ्या. सगळ्या देयक-पद्धतींवर उलटा प्रवास होत नाही. तेव्हा वॉलेटशिवाय इलाज उरत नाही. विनंती मान्य झाल्यावर साधारण आठवडाभरात पैसे निघतात. मुदत थोडी उलटली असली, तरी खरे कारण नीट लिहून विनंती करायला हरकत नाही. नियमाबाहेरच्या अर्जांकडेही बघतो असे कंपनी म्हणते, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

इतर स्टोअरमध्ये एपिक आणि युबिसॉफ्ट यांचा नियम स्टीमच्या वळणाचाच. गॉग सगळ्यांत उदार. २०२०पासून तिथे ३० दिवसांपर्यंत, गेम खेळलेला असला तरी, अडचण सुटत नसेल तर पैसे परत मिळतात. शिवाय तिथल्या गेमची इन्स्टॉलर फाइल आपल्याकडे जपून ठेवता येते, तिला कुठलेही कुलूप नाही. सगळेच नवे गेम तिथे येत नाहीत, एवढीच उणीव. मायक्रोसॉफ्ट १४ दिवस देते, पण ‘लक्षणीय वेळ खेळलेले नसावे’ असे मोघम म्हणते. म्हणून तिथे निर्णय लवकर घ्यावा. अँड्रॉइड फोनवरच्या गूगल प्लेवर पहिले ४८ तास महत्त्वाचे. मुलाने फोनवर रत्ने-नाणी विकत घेतली असतील तर त्याच दिवशी अर्ज करा, आणि पुढच्या खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करा.

प्लेस्टेशन स्टोअरमध्ये सर्वाधिक लोक फसतात. तिथेही १४ दिवसच आहेत, पण डाउनलोड सुरू झाले की हक्क संपतो, मग तुम्ही एक मिनिटही खेळला नसलात तरी. सदोष निघाला तरच अपवाद. त्यातून कन्सोलवर खरेदी होताच डाउनलोड आपोआप सुरू होण्याची सोय असते. म्हणजे चुकून बटण दाबले गेले, आणि तुम्ही मदतकेंद्राशी बोलेपर्यंत गेम निम्मा उतरलेला असतो. सेटिंगमधले आपोआप डाउनलोड बंद ठेवा. विचार पक्का झाल्यावरच स्वतः सुरू करा.

कधी कधी नियम बाजूला ठेवून पैसे परत मिळतात. डिसेंबर २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या कन्सोलवर इतका मोडका निघाला, की सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला आणि घेणाऱ्यांना पैसे परत दिले. तो परत आला जून २०२१मध्ये. सोनीचाच ‘कॉनकॉर्ड’ ऑगस्ट २०२४मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला, तेव्हाही सगळ्यांना रिफंड मिळाला. गेम सगळ्यांसाठीच बिघडला असेल, तर पहिल्या दिवशी चिडून त्याची फाइल पुसून टाकण्यापेक्षा आठवडाभर बातम्यांवर लक्ष ठेवा.

काही संकेतस्थळांवर अधिकृत दुकानाच्या निम्म्या भावात कोड मिळतात. विकणारा तिथे बहुतेक वेळा कोणीतरी अनोळखी असतो. चोरीच्या कार्डावर घेतलेला कोड नंतर रद्द होतो आणि गेम खात्यातून नाहीसा होतो. कधी कोड दुसऱ्याच देशाचा निघतो. स्टीम अशा बाहेरच्या कोडचा रिफंड देत नाही. स्टीमवर भारतात २०१५च्या अखेरीपासून रुपयांतल्या किमती आहेत आणि वर्षातून अनेकदा सेल लागतात. थोडी वाट पाहिली तर अधिकृत भावही खाली येतो.

डिस्क घेतली म्हणजे गेम कायमचा आपला, हा समजही पूर्ण खरा नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम सतत इंटरनेटवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि डिस्कवाले व डाउनलोडवाले एकाच दिवशी सारखेच रिकाम्या हाताने उरले. कॅलिफोर्नियाच्या २०२५पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल दुकानांना स्पष्ट सांगायला लावले आहे, की तुम्ही घेता ती मालकी नाही, वापरण्याचा परवाना आहे. स्टीमच्या कार्टमध्ये आता ती ओळ दिसते. खोक्यावर ‘इंटरनेट जोडणी आवश्यक’ लिहिले असेल, तर संग्रहाची वस्तू म्हणून जादा पैसे मोजू नका.

एवढे करूनही कोणी पैसे अडवले, तर बँकेकडे जाऊन थेट व्यवहार उलटवण्याची घाई करू नका. बँकेने पैसे ओढून परत आणले की ऑनलाइन दुकान तुमचे खाते गोठवू शकते, आणि त्यासोबत आधी घेतलेले सगळे गेम अडकतात. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियम, २०२० भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, आणि कायद्यातल्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादने स्पष्ट धरलेली आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तिथे काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. बिल किंवा खरेदीचा ईमेल, चूक दाखवणारे पडद्याचे फोटो, गेम किती वेळ चालला त्याची नोंद आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावून ठेवा. अर्जात गेम किती वाईट आहे याचे वर्णन दोन ओळींत आटोपा. कुठली अट कंपनीने पाळली नाही ते मात्र सविस्तर लिहा.